उसना श्वास

इंजिन हे मुळात श्वास घेणारे यंत्र आहे, ही गोष्ट समुद्रसपाटीवर राहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. पेट्रोलचे पैसे मोजावे लागतात, म्हणून गाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. हवा फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. वास्तविक एक किलो पेट्रोल पुरते जळायचे तर त्याला साडेचौदा किलोंहून अधिक हवा लागते. गाडीच्या ताटात पेट्रोल असते लोणच्याइतके आणि हवा भाताइतकी. लोणचे हवे तितके वाढता येते. भात मात्र निसर्ग वाढेल तेवढाच.

आम्ही दोघे डेन्व्हरला राहतो. कोलोरॅडो राज्याची ही राजधानी समुद्रसपाटीपासून एक मैल उंच, म्हणजे ५,२८० फुटांवर आहे. विधानभवनाच्या एका पायरीवर तसे कोरूनच ठेवले आहे. मराठी वाचकाला ही उंची सांगायची तर महाबळेश्वर पुरे पडत नाही, कळसूबाई गाठावी लागते. त्या शिखराच्या माथ्यापेक्षा जेमतेम चाळीस मीटर खाली हे सगळे महानगर पसरले आहे. येथे आलो तेव्हा पहिला महिनाभर दुसऱ्या मजल्याचा जिना चढतानाही आम्हाला धाप लागे. पुढे ती थांबली. विरळ हवेत काही आठवडे काढले की शरीर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवते आणि तेवढ्याच श्वासातून अधिक प्राणवायू वेचायला शिकते. आमच्या गाडीला ही विद्या नाही. तिच्या हाडांत मज्जा नाही. ती जपानहून जी छाती घेऊन आली, तीच आजही आहे.

गाडी १९९९ सालची माझदा मियाटा. दोन आसनांची, मागच्या चाकांवर चालणारी, १.८ लिटर इंजिनाची. कागदोपत्री तिची शक्ती १४० अश्वशक्ती. नैसर्गिक श्वासावर चालणारे इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के शक्ती गमावते, हा ठोकताळा लावला तर आमच्या अंगणात ती ११७च्या आसपास उरते. इतक्यावर भागले असते. परंतु आमच्यातली ती आठवड्यातून तीनदा डोंगरापलीकडच्या रुग्णालयात कामाला जाते. वाटेत आयझेनहॉवर बोगदा लागतो. १९७३ साली खुल्या झालेल्या या बोगद्याची कमाल उंची ११,१५८ फूट. तिथे पोचेपर्यंत एकतृतीयांश शक्ती हवेने हिरावलेली असते आणि १४०तले पंच्याण्णवच्या आगेमागे शिल्लक राहतात. परतीच्या वाटेवर सहा-सात टक्क्यांची चढण मैलोगणती चालते. मागे अठरा चाकांचा ट्रक, डाव्या मार्गिकेत भरधाव ओळ आणि पाय तळाला टेकूनही काटा पुढे सरकत नाही. त्या दहा मिनिटांचे वर्णन ती करते तेव्हा आमच्यातला तो जेवता जेवता थांबतो.

म्हणून गेले काही महिने आमच्या घरात एकच वाद चालू आहे. सुपरचार्जर की टर्बो?

दोन्हींचे काम एकच: हवा दाबून इंजिनाच्या पोटात कोंबायची. लोहाराचा भाता जे भट्टीसाठी करतो तेच. ही तुलना नुसती अलंकारिक नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स नावाच्या दोघा भावांनी १८६० साली ज्या वातयंत्राचा एकाधिकार मिळवला, ते पुढे धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांना वारा घालू लागले आणि त्याच घडणीचे पाते मोटारींवर सुपरचार्जर म्हणून चढले. फरक एवढाच, की भाता ओढायचा कोणी? सुपरचार्जरचा भाता इंजिन स्वतःच ओढते. मुख्य दांड्यावरून एक पट्टा निघतो आणि तो पाती फिरवतो. म्हणजे मिळणाऱ्या प्रत्येक जादा श्वासासाठी आधी काही शक्ती खर्चावी लागते. ही उघड पदरमोड आहे. टर्बोचा भाता मात्र धूर ओढतो. जळून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोतात एक चक्र फिरते, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चक्र ताजी हवा आत ढकलते. जे वाया जाणार होते त्यातूनच हे चालते. आमच्या घरी शिळ्या पोळीचा कुस्करा फोडणीला टाकला की जी कृतार्थता दाटते, तीच आमच्यातल्या त्याला टर्बोचे चित्र पाहताना दाटते.

टर्बोच्या बाजूने भूगोलही उभा आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली ही कल्पना नोंदवली, पण विरळ हवेत तिचा कस लागला तो आमच्याच राज्यात. १९१८ साली सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन पाइक्स पीक या पर्वताच्या माथ्यावर, चौदा हजार फुटांवर, नेले आणि टर्बो लावून ते तिथे चालवून दाखवले. उंचावर विमानाची छाती फुटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. स्वच्छ दिवशी आम्हाला शहरातून तो डोंगर दिसतो. ज्या हवेसाठी हे यंत्र पारखले गेले त्याच हवेत राहून ते नाकारायचे, हे आमच्यातल्या त्याला कृतघ्नपणाचे वाटते.

भावनेचा भाग सोडला तरी त्याचे गणित पक्के आहे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड. डेन्व्हरला तो बाराहून थोडा अधिक, बोगद्यापाशी साडेनऊच्या जवळपास. टर्बोवरील दाबनियंत्रक झडप भोवतालच्या दाबावर ठरावीक भर घालू देते. ती सहा पौंडांवर बांधली तर डेन्व्हरला अठरा आणि बोगद्यापाशी साडेपंधरा पौंड मिळतात. म्हणजे चढणीच्या माथ्यावरही गाडीला आपण समुद्रकाठी आहोत असेच वाटेल. सुपरचार्जरचे तसे नाही. त्याची गती इंजिनाच्या गतीशी पट्ट्याने जखडलेली. तो भर घालत नाही, गुणाकार करतो. १.४ पट दाबणारा सुपरचार्जर डेन्व्हरला सतरा पौंड देईल, पण बोगद्यापाशी साडेतेराच्या आतच थांबेल. मुद्दल घटले की त्याचे व्याजही घटते. टर्बोचे व्याज ठरलेले आहे.

या गणितानंतर वाद मिटायला हवा होता. मिटला नाही, कारण ज्याने गणित मांडले तो ती गाडी घेऊन बोगदा ओलांडत नाही.

तिचा पहिला आक्षेप विलंबाचा. धुराचा झोत पुरेसा जोर धरेपर्यंत टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाच्या घरातल्या फेऱ्या घेऊ शकत नाही. पाय दाबला आणि शक्ती आली, यांच्यामध्ये एक रिकामा क्षण राहतो. भारतातल्या अनेक जुन्या डिझेल गाड्यांमुळे हा क्षण आपल्याला चांगला परिचित आहे: आधी काहीच नाही आणि मग एकदम पाठीत धक्का. कोरड्या सरळ रस्त्यावर या धक्क्याची गंमत वाटते. बर्फाच्या वळणावर, मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत, ती गंमत राहत नाही. १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात या डोंगरी टप्प्यावर हिवाळी टायर वा साखळ्यांचा नियम कायद्याने लागू असतो. म्हणजे वर्षातले नऊ महिने रस्ता कसा असेल याची खात्री सरकारलाही नसते. आजचे लहान टर्बो लवकर जागे होतात, हे तिला मान्य आहे. परंतु सुपरचार्जरला जागेच व्हावे लागत नाही. पावलाखाली जेवढे मागावे तेवढे तत्काळ आणि चढत्या क्रमाने येते. तिच्या शब्दांत सांगायचे तर, उशिरा येणाऱ्या मदतीपेक्षा थोडी कमी पण हाकेसरशी येणारी मदत बरी.

दुसरा आक्षेप शेजारधर्माचा. टर्बो एकटा येत नाही. त्याला इंजिनाचे तेल लागते, म्हणून तेलाची एक नळी त्याच्याकडे जाते आणि दुसरी तेलाच्या तळपात्रात परत येते. त्यासाठी पुष्कळदा त्या पात्राला भोक पाडावे लागते. दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करणारे जाळे पुढे बसवावे लागते. धूर उत्प्रेरकाच्या डब्यात जाण्याआधी टर्बो त्याची उष्णता खातो, त्यामुळे सकाळी तो डबा तापून कामाला लागायला उशीर होतो. डेन्व्हर परिसरात गाड्यांची धूरतपासणी होते आणि प्रदूषण रोखणाऱ्या व्यवस्थेत ढवळाढवळ करण्यास केंद्रीय कायद्याची मनाई आहे. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा मान्यता-क्रमांक असलेला संच निवडणे हा त्यातला सुरक्षित मार्ग. सुपरचार्जर धुराच्या बाजूला हातच लावत नाही. तो हवेच्या बाजूने येतो, पट्टा जोडतो आणि आपल्या जागी बसतो.

पेट्रोलचा प्रश्न मात्र दोघांनाही सारखाच. आमच्या पंपांवरचे सर्वांत स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचे असते. सखल भागात तेच ८७ असते. विरळ हवेत इंजिनाच्या पोटातला दाब मुळातच कमी, म्हणून अवेळी स्फोटाचा धोका कमी, म्हणून ही सवलत. भाता लावला की उंचीने दिलेली ही सवलत संपते. आमच्या इंजिनाचे दाबगुणोत्तर ९.५ला १ आहे. ते बाहेरच्या दाबाचा विचार करून घडवलेले नाही. अवेळी झालेल्या स्फोटाने दट्ट्याची कडा फुटायला एक चढण पुरते. तेव्हा ९१ ऑक्टेनचेच पेट्रोल, जादा दाबाला पुरेल इतके इंधन आणि ठिणगीची सुधारलेली वेळ, हे तिन्ही न चुकता सांभाळणे आले. याबाबतीत इतिहास बोलका आहे. १९६२ साली ओल्ड्समोबिलने जेटफायर ही टर्बोवाली गाडी सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठी काढली. स्फोट आवरण्यासाठी तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे. लोक ते भरायला विसरत. अखेर कंपनीनेच कित्येक गाड्यांवरचे टर्बो उतरवून दिले. यंत्र वाईट नव्हते. रोज कामावर जाणाऱ्या माणसाकडून त्याने एका जादा व्रताची अपेक्षा केली, एवढेच.

येथवर वाचून कोणी विचारील, की नवी गाडीच का घेत नाही? आजच्या कितीतरी लहान गाड्या कारखान्यातूनच टर्बो घेऊन येतात. त्यांचे दट्टे, तेलाचे मार्ग, थंडाव्याची व्यवस्था, सारे त्या दाबाचा विचार करून घडवलेले असते. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर निम्मे पैशाचे, निम्मे मायेचे आहे. या गाडीचे हप्ते फिटले आहेत. आणि छप्पर उघडे टाकून अस्पेनच्या पिवळ्या पानांतून घरी येणे हा तिच्या कष्टाच्या आठवड्यातला एकमेव चैनीचा तास आहे. तो आम्ही हिशेबाच्या वहीत कोठेही लिहिलेला नाही, पण वजा मात्र करू इच्छित नाही.

साहित्य शिकवणाऱ्या माणसाला या वादात एक जुना प्रश्न ओळखू येतो. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत आपली ओवी घालू पाहणाऱ्याला बजावून ठेवले. तेव्हापासून प्रक्षेप हा शब्द आपल्याकडे जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. गाडीप्रेमी ज्याला ‘स्टॉक’ म्हणतात ती एका अर्थी गाडीची मूळ संहिताच; तिच्यात बाहेरचा भाग घालणे म्हणजे प्रक्षेपच नव्हे काय, असे आमच्यातल्या त्याला प्रथम वाटले. परंतु एकनाथांनी केले ते संहितेला हात न लावणे नव्हते. काळाच्या ओघात जे बिघडले होते ते त्यांनी परत जागेवर आणले. आमची मागणी तपासली तर तीही याच जातीची निघते. आम्हाला दोनशे अश्वशक्ती नको आहेत. कागदावर जे १४० लिहिले आहेत, ते हवेने खोडले आहेत. तेवढे परत हवे आहेत. ज्याला प्रक्षेप म्हणून भ्यालो ती पाठशुद्धी असू शकते, मात्र एका अटीवर: मूळ पाठ हरवता कामा नये.

ही अट आम्हाला सुचली असे म्हणता येणार नाही. ती साताऱ्याहून आली. आमच्यातल्या तिचे वडील, आबा, एस.टी.त तीस वर्षे चालक होते. खंबाटकीचा आणि पसरणीचा घाट त्यांनी किती वेळा चढला याची मोजदाद नाही. रविवारच्या फोनवर त्यांना सगळे ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“जावईबापू, चढाला गाडी दमती म्हणून तिला दुसरं काळीज बसवायचं म्हणताय व्हय?”

“काळीज नाही आबा, भाता म्हणा.”

“बरं, भाता. मग एवढंच सांगा, आज बसवलेलं उद्या काढता येतंय का? काढल्यावर गाडी होती तशी उरती का?”

तो गप्प राहिला. आबा पुढे म्हणाले, “आन् पोरी, ट्रकामागं असलीस तर ट्रकामागंच ऱ्हा. घाट कुणाची वाट बघत न्हाई, पर पळूनबी जात न्हाई.”

आबांना या वर्षी ऐंशी पुरी होतील. तीन वर्षांत आम्ही त्यांना भेटलेलो नाही. फोनवर ते याचा उल्लेख करत नाहीत आणि नेमके तेच आम्हाला ऐकू येते. टर्बोचा पुरता संच, इंधनाची नवी व्यवस्था, थंडाव्याचे जाळे, क्लच आणि मजुरी धरून खर्च सहा हजार डॉलरांकडे झुकतो. मान्यता-क्रमांकासह मिळणारा वापरलेला सुपरचार्जर संच आणि त्याची बसवणूक त्याच्या निम्म्यात होते. उरलेल्या निम्म्यात दोन माणसे मुंबईला जाऊन येतात. बोगद्यापाशी टर्बोने साडेपंधरा पौंड दिले असते, सुपरचार्जर तेरा-साडेतेरा देईल. उष्णता आणि पट्ट्याचा खर्च वजा जाता त्याहून थोडे कमीच. समुद्रकाठच्या नव्वद टक्क्यांनाही ते किंचित उणे ठरेल. या दोन पौंडांच्या फरकाची किंमत आमच्या घरात सातारा ही आहे, हे एकदा वहीत लिहिल्यावर आमच्यातल्या त्यानेच पेन खाली ठेवले.

तेव्हा निर्णय असा. टर्बो हे अधिक बुद्धिमान यंत्र आहे, यात शंका नाही. उंचीसाठी ते जन्मले, वाया जाणाऱ्यातून ते जगते, आणि मुळापासून त्याच्यासाठी घडवलेल्या गाडीत त्याला तोड नाही. परंतु कारखान्यातून साधी निघालेली, पाव शतक चाललेली, दर आठवड्याला एका माणसाला डोंगरापलीकडे सुखरूप पोचवून परत आणणारी जी गाडी, तिला बुद्धिमत्तेपेक्षा आज्ञाधारकपणा अधिक उपयोगाचा आहे. सुपरचार्जर आपला खर्च लपवत नाही, उशीर करत नाही, आणि बोल्ट सैल केले की निमूट उतरून येतो.

पहिले पाऊल मात्र त्याच्याही आधीचे आहे. येत्या शनिवारी चारही सिलिंडरांचा दाब मोजायचा आहे. दम भरण्यापूर्वी छाती सांगावीच लागते. कड्या झिजलेल्या इंजिनात भाता लावणे म्हणजे फुटक्या घागरीला मोठी धार लावणे. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आले तरच संच मागवायचा, आणि बर्फ पडू लागण्यापूर्वी बसवायचा. काढलेले मूळ भाग तेल पुसून, नावाच्या चिठ्ठ्या लावून, एका खोक्यात घालून फडताळाच्या वरच्या खणात ठेवायचे असे ठरले आहे. खोके आणून ठेवले आहे. त्याच्या शेजारी सध्या आमचे दोघांचे पासपोर्ट आहेत.